दाराजवळचं बटण

आकाशनं टोरांटोतून ऑर्डर करून पाठवलेला स्मार्ट डिस्प्ले केशवापूरच्या घरात येऊन आठवडा होत आला होता. एवढ्या दिवसांत त्याच्या पडद्यावर एक फिरतं वर्तुळ आणि त्याखाली ‘अपडेट अपुरं राहिलं, पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य, यापलीकडे काही उमटलं नव्हतं. रविवारी आकाशच्या मुलीचं बारसं होतं.

डिस्प्ले मागवला होता तो अप्पांसाठी. दत्तात्रयअप्पांचं दुर्गदबैलाच्या बाजारात टॉवेल आणि ब्लाऊजपिसांचं दुकान. मधुमेहानं त्यांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला होता. कापड ते बोटांनी ओळखत, गिऱ्हाईक आवाजावरून. पण नातीचा आवाज म्हणजे नुसतं रडणं, आणि मोबाइलवर ती त्यांना फिकट ठिपक्याएवढी दिसे. मोठं, उजळ आणि जवळ असेल तर त्यांना दिसू शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते.

“डबा आला, पण नात काय आली नाही,” अप्पा रोज रात्री जेवताना म्हणत.

“येईल हो. आज पुन्हा लावते,” योगिता म्हणे. ती आकाशची थोरली बहीण. धारवाडच्या एका कॉलेजात शिकवत होती आणि अप्पांजवळ राहत होती. बाळाची आत्या म्हणून कानात नाव सांगण्याचा मान तिचा होता.

सकाळी निघताना ती अपडेट चालू करून जाई. संध्याकाळी परत आली की पडद्यावर तेच वाक्य. रात्री पुन्हा चालू करी, तर सकाळी तेच. या डिस्प्लेसाठीच घरात नवं वायफाय घेतलं होतं. तिनं कंपनीला फोन केला. पलीकडच्या बाईनं डिस्प्ले बंद करून चालू करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बाईनं तेच सांगितलं. वायफायवाला संध्याकाळी येऊन तपासून गेला. “लाइन फर्स्टक्लास आहे अक्का,” तो म्हणाला, “तुमचं मशीनच खराब दिसतंय.” मशीनवाले म्हणत होते, लाइन खराब असेल.

“परत पाठव,” योगितानं आकाशला सांगितलं.

“अक्का, परत पाठवून दुसरं येईपर्यंत बारसं होऊन जाईल. तू नीट वाचून करतेस ना?”

“मी पोरांना शिकवते रे. वाचता येतं मला.”

शनिवारी रात्री तिनं सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. रविवारी सकाळी पाहिलं, तर पुन्हा तेच वाक्य. तिनं अपडेट चालू केलं आणि या वेळी तिथून न हलता डिस्प्लेसमोर जमिनीवर बसून राहिली. रेघ अर्ध्याच्या पुढे गेली. मग पाऊण. टोरांटोत अजून शनिवारची संध्याकाळ होती. आकाशनं पाळणा सजवल्याचा फोटो पाठवला होता.

अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. बारशाच्या घुगऱ्या त्यांनी स्वतः समोर उभं राहून शिजवून घेतल्या होत्या. खालच्या मजल्यावरच्या गोदावरीअक्कांना द्यायला डबा भरून ते निघाले. चपला घातल्याचा आवाज आला. मग टक् असा एक बारीक आवाज, आणि दार लागलं.

डिस्प्लेवरची रेघ थांबली. थोड्या वेळानं ते वाक्य आलं.

योगिता उठून दाराशी गेली. चपलांच्या स्टँडवर वायफायचं यंत्र ठेवलेलं होतं. त्याचा हिरवा दिवा विझलेला होता. शेजारच्या बोर्डवरचं बटण बंद.

काही क्षण ती बोर्डाकडे बघत उभी राहिली. तिच्या लहानपणी दुर्गदबैलात अप्पांच्या दुकानामागच्या गल्लीत कापडाचं एक गोदाम शॉर्टसर्किटनं जळालं होतं. तेव्हापासून दुकानात नियम होता, शेवटी बाहेर पडणाऱ्यानं मेन स्विच बंद करायचा. घरी फ्रिजमुळे मेन बंद करता येत नसे, म्हणून दाराजवळचं जे काही चालू दिसेल ते अप्पा बंद करत. बाहेर जाताना, झोपताना. सकाळी योगिता आधी निघे आणि अप्पा मागून. सकाळी उठले किंवा बाहेरून परत आले की अप्पाच ते बटण पुन्हा लावत. तिचा मोबाइल आपल्या डेटावर चाले, त्यामुळे घरातलं वायफाय गेल्याचं तिला कधी कळलंच नव्हतं.

अप्पा रिकामा डबा घेऊन वर आले. मागून गोदावरीअक्काही आल्या. अप्पांचा हात सवयीनं बोर्डाकडे गेला.

“राहू द्या, मी लावलंय,” योगिता म्हणाली. “रोज तुम्ही हे बंद करत होता?”

“म्हणजे? बंद नाही करायचं? हिरवा दिवा उगाच जळतोय की.”

“तो दिवा म्हणजेच नात आहे, अप्पा! आठवडाभर मी त्या कंपनीच्या बायकांशी भांडते आहे!”

“मला कोणी सांगितलं?” अप्पांचा आवाज चढला. “भिंतीला काहीबाही लावून जाता. आग लागली की मग मला विचारणार.”

“एन री, काय हे, बारशाच्या दिवशी भांडता?” गोदावरीअक्का म्हणाल्या.

तेवढ्यात योगिताचा मोबाइल वाजला. व्हिडिओवर आकाश होता. मागे त्याच्या बायकोच्या, वेदश्रीच्या मैत्रिणी साड्या नेसून उभ्या. “अक्का, मशीन लागलं का? सगळे थांबलेत.”

“नाही लागलं. मोबाइलवरच कर.”

खुर्ची ओढून अप्पा तिच्याजवळ बसले. तिनं मोबाइल त्यांच्या डोळ्यांपाशी धरला. त्यांनी मान तिरकी करून पाहिलं.

“हां,” ते म्हणाले. त्यांना काही दिसलं नव्हतं, हे तिला कळलं.

आकाशनं आपला फोन बाळाच्या कानाला लावला. योगिताच्या पडद्यावर अंधार झाला.

“काय दिसतंय?” अप्पांनी विचारलं.

“काहीच नाही. फोन कानाला आहे.”

“मग आपलं सारखंच.”

तिनं मोबाइल तोंडाजवळ घेतला आणि हलकेच म्हणाली, “कुर्र. मैथिली.” गोदावरीअक्कांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपका घातला. दुसरा धपका अप्पांचा होता, आणि तो जरा जोरात होता.

“हा कशाचा?” ती वळून म्हणाली.

“आठवडाभर विचारलं नाहीस म्हणून.”

फोन ठेवल्यावर तिनं अपडेट पुन्हा चालू केलं. अप्पांनी खुर्ची उचलून दाराशी नेली आणि बोर्डाखाली ठाण मांडलं. जेवण तिथेच मागवलं. दुपारची झोपही तिथेच बसल्या बसल्या काढली. दुपार कलली तेव्हा वर्तुळ फिरायचं थांबलं.

संध्याकाळी आकाशनं डिस्प्लेवर फोन लावला. तिकडे नुकतं उजाडत होतं. सगळा पडदा भरून एक तोंड आलं. अप्पा नाक टेकेल इतके जवळ गेले.

“कान माझ्या आईचे आहेत,” ते म्हणाले. “वरून असेच दुमडलेले होते तिचे.”

“कुणाचेही असोत, त्यांतून पुष्कळ ऐकायचंय तिला,” आकाश म्हणाला. “आता रोज याच वेळी लावतो, अप्पा.”

सोमवारी सकाळी योगिताला कॉलेज उशिरा होतं. ती आत केस विंचरत होती. अप्पांनी चपला घातल्या. टक् आवाज झाला. दार लागलं.

तिनं कंगवा ठेवला. ओरडायला तोंड उघडलं, तोच जिन्यात पावलं थांबली, वळली आणि पुन्हा वर येऊ लागली. दार उघडलं. अप्पांनी चाचपत बटण लावलं आणि हिरवा दिवा दिसेपर्यंत यंत्रापाशी वाकून उभे राहिले.

“लागलं का गं?” त्यांनी विचारलं.

“लागलं,” ती आतून म्हणाली.

“गोदावरीला सांगून जातो. आग लागली तर बघेल म्हणावं.”