लाल फुलीचा पत्ता

मी एक जुना लाल पत्ता आहे, मित्रांनो, पण मला कुणी पिसत नाही की वाटत नाही. मी ब्रिजच्या टेबलावर बोलीच्या डब्यात उभा असतो. ब्रिज हा चौघांचा खेळ. समोरासमोरचे दोघे भिडू. हुकूम कोणता आणि हात किती करणार, याची आधी बोली लागते. तोंडाने बोललं की आवाजातून चोरटे निरोप जातात, म्हणून प्रत्येकाने डब्यातला छापील पत्ता काढून ठेवायचा, तोंडातून ब्र काढायचा नाही. माझ्यावर पांढरी फुली आहे आणि माझं नाव डबल.

एका छापखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या बाई माझे कोपरे गोल कापून म्हणाल्या, "हा दहा वर्षं हलत नाही!" आता वीस झाली.

आमच्या क्लबात खिडकीजवळच्या टेबलावर दर शनिवारी एक नणंद-भावजय जोडीने खेळायच्या. माझा डबा नणंदेच्या हाताशी असे. नणंद टेलिफोन ऑपरेटर होती, आता निवृत्त. घरी ती एकटीच; शनिवार आला की तिच्या जिवात जीव यायचा. भावजय शिवणकाम करायची.

माझे अर्थ दोन. एक म्हणजे, 'तुम्ही बुडणार, दंड दुप्पट भरा.' दुसरा भिडूसाठी, 'तुझा रंग सांग.' कधी कोणता, हे जोडीने आधीच ठरवायचं आणि समोरच्यांनाही सांगायचं. पण नणंदबाई काय करायच्या? दंड हवा असला की मला आपटायच्या, रंग हवा असला की अलगद ठेवायच्या. मुद्दाम नाही हो, स्वभावच तसा. भावजयीच्या कानाला मात्र ते बरोबर कळायला लागलं. माझा एक कोपरा त्यात उडाला. तरी लोक म्हणायचे, "काय जुळतं दोघींचं!" आणि खोटं कशाला सांगू, मलाही बरं वाटायचं.

शेवटी क्लबात त्यांच्याविरुद्ध खेळणाऱ्या दातांच्या डॉक्टरांनी तक्रार केली, की आपटण्या-ठेवण्यातून निरोप जातो. पंचबाई म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर जोडी बाद." नणंदेचं तोंड एवढंसं झालं.

या डॉक्टरांचं एक आवडतं शस्त्र होतं. ते सुरुवातीलाच 'दोन चौकट' ठेवायचे. चौकटीशी त्या बोलीचा संबंधच नाही! तिचा अर्थ एवढाच, की हातात सहा बदाम किंवा सहा इस्पिक आहेत, बाकी सगळा कचरा. दोन्हींतलं कोणतं, ते गुलदस्त्यात. समोरच्यांची वाट अडवायची, बस्स.

त्यावर दोघींनी शिवणयंत्रापाशी बसून तोड लिहून काढली. लगेच डबल ठेवला तर हातातली पानं भक्कम. आधी पास आणि त्यांचा रंग उघडा पडल्यावर डबल, तर 'तुझा रंग सांग'. दंडासाठी डबल नाहीच. एक प्रत डॉक्टरांनाही दिली.

"वन्सं, पाठ करा हं."

"मला सांगतेस? अख्ख्या गावाचे नंबर पाठ होते मला!"

मग आला स्पर्धेचा शेवटचा डाव. डॉक्टरांनी दोन चौकट ठेवली. नणंद पास. डॉक्टरांच्या भिडूने दोन बदाम ठेवले, भावजय पास. डॉक्टरही पास, म्हणजे बदाम त्यांचेच. नणंदेकडे बदामाचे राजा-राणी धरून चार पत्ते होते. तिचे डोळे चमकले. तिने मला उचललं आणि धाडकन आपटलं!

मित्रांनो, लिहून दिल्याप्रमाणे माझा अर्थ 'तुझा रंग सांग', आणि आपटण्याचा अर्थ मात्र 'दंड'! डॉक्टरांचा भिडू पास. भावजयीने ते ऐकलं होतं. तिने नुसता पास ठेवला असता तरी कप या दोघींचा होता. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तीन किलवर ठेवली. नणंदेकडे किलवरचं एकच पान. तीन हात कमी पडले आणि कप गेला.

"अगं वहिनी, ऐकू नाही आलं तुला?" नणंद कुजबुजली.

"आलं की."

"मग?"

"आपण लिहून दिलंय ना, वन्सं."

 तक्रार कुणीच केली नव्हती. तरी नणंदेने स्वतः हात वर करून पंचबाईंना बोलावलं. "चूक माझी. ठरलेलं विसरले आणि वर पत्ता आपटला. हिने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं. बाद करायचं तर मला करा, हिला नको."

पंचबाई डॉक्टरांकडे बघायला लागल्या.

"अहो, बाद कसलं करता?" डॉक्टर म्हणाले. "इतकं सरळ खेळणारं माणूस मला दुसरं कुठे मिळणार? पुढच्या शनिवारी या दोघी नसतील तर मीही नाही."

मित्रांनो, मला जपून हाताळा. कोपरा एकदा उडाला की परत येत नाही. आणि भिडूला काय सांगायचंय ते आधी सगळ्यांसमोर ठरवा. भावजयीने त्या दिवशी कप घालवला. पण घरी जाताना नणंदेने तिची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली, आणि कोपऱ्यावरच्या वळणापर्यंत तिचा हात सोडला नाही.