कंपायलरने नाही म्हटलं होतं

सकाळी पावणेदहाला शिवकन्याताईंचा फोन आला, तेव्हा बुद्धप्रिया चहाचा कप हातात धरून स्क्रीनवरच्या आपल्याच प्रोग्रामकडे कौतुकानं बघत बसली होती.

"माय, तुझा डबा येडा झालाय का?" ताई पलीकडून म्हणाल्या. "काल दुपारी चारला गॅस सोडला. अठरा तास होत आले. अन् ह्याच्यावर आकडा दिसून राहिला, पंधरा मिनिटं!"

बुद्धप्रियानं कप खाली ठेवला.

ताईंचं अर्धापूरला केळी पिकवायचं चेंबर होतं. कच्च्या केळीचे कॅरेट आत रचायचे, थंडावा धरून चोवीस तास इथिलीन गॅस द्यायचा आणि मग तो बंद करून हवा बदलायची, हे तिथलं काम. तास मोजणं, गॅसचा व्हॉल्व्ह वेळेवर बंद करणं आणि ताईंनी मेसेज पाठवून विचारलं तर उत्तर देणं ही कामं भिंतीवरचा एक डबा करत असे. डबा नांदेडच्या मन्मथ सरांच्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये बनलेला. त्यातला प्रोग्राम मात्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बुद्धप्रियाचा. लातूरहून इलेक्ट्रॉनिक्समध्ये बी.एस्सी. करून ती इथं लागली त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

"चारला मी हातानं बंद करते की गॅस," ताई म्हणाल्या. "पंधरा वर्षं तेच केलं. पण मंग डबा भिंतीवर कशाला? चारपर्यंत नीट झाला तर ठेवते. न्हाई तर काढून घेऊन जा. आमच्या केळीच्या गटातले अकरा जण माझ्याकडं बघून राहिलेत, बसवावा का नाही म्हणून."

फोन ठेवून तिनं सरांना सगळं सांगितलं. मन्मथ सर हातातली सोल्डरिंग गन न थांबवता म्हणाले, "लाइट गेली होती?"

"नाही म्हणाल्या."

"मग डबा स्वतःच बंद पडून पुन्हा उठला. कशानं, ते शोध."

टेबलावर तसाच दुसरा डबा होता, आत तोच प्रोग्राम. तिनं त्याला मोबाईलवरून kiti zala असा मेसेज टाकला. उत्तर चोख आलं. दहा वेळा टाकला, दहाही वेळा चोख.

"इथं शहाणा अन् सासरी गेला की येडा," सर म्हणाले. "लई पोरी अशा असतात म्हणे. डबे पहिल्यांदाच बघतोय."

बुद्धप्रियाला हसू आलं नाही. तिनं ताईंना उलटा फोन लावला. "ताई, तुम्ही साडेनऊला मेसेज पाठवला होता का? काय लिहिलं होतं?"

"लिहिते कुठं माय? फोनमध्ये बोलते, तो लिहितो. 'किती झालं' म्हणलं."

"मराठी अक्षरात?"

"मंग काय चिनी अक्षरात?"

बुद्धप्रियानं आपले गेल्या काही दिवसांचे चाचणीचे मेसेज वर सरकवून पाहिले. सगळे इंग्रजी अक्षरांत. वर्कशॉपमध्ये सगळेच मराठी तसं टाइप करायचे. मराठी अक्षरांत पुन्हा करून बघावं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिनं मोबाईल तोंडाजवळ धरला, "किती झालं" असं स्पष्ट म्हटलं आणि देवनागरीत उमटलेले ते दोन शब्द पाठवून दिले.

डब्यावरचा लाल दिवा लुकलुकला. विझला. पुन्हा लागला. तासांचा आकडा शून्यावर आला होता.

"सर, मेला!" ती ओरडली, आणि आनंदानं ओरडली याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

मराठी मेसेज डब्याला नवा नव्हता. ताईंसाठी तशी सोय तिनंच केली होती, आणि तेव्हा ती नीट चाललीही होती. देवनागरीचं एकेक अक्षर डब्यातल्या चिपकडे चार-चार आकड्यांच्या रूपात येतं, म्हणून ते उलगडताना तीनशेच्या वर बाइट मोकळी जागा लागते. चिपमध्ये अशी तात्पुरती जागा, म्हणजे स्टॅक, सहाशेच बाइटची. पण तो हिशोब तिनं कागदावर करून भिंतीला चिकटवला होता. फंक्शन म्हणजे प्रोग्राममधला एका कामाचा तुकडा. तो बोलावला की जागा घेतो, काम संपलं की परत करतो. सगळ्यात वाईट वेळीसुद्धा पाचशेवीस बाइट लागणार होते. मग उरलेली जागा कुणी खाल्ली?

कागदावरून तिची बोटं फिरत गेली आणि एका ओळीवर थांबली. उत्तराचा मेसेज तयार करणारं फंक्शन. त्याचेही तीनशे बाइट.

गुरुवारी तिनं याच फंक्शनला हात लावला होता.

फंक्शन बोलावायचं म्हणजे चिपला तिथं जाऊन परत यावं लागतं, आणि या जाण्यायेण्यात थोडा वेळ जातो. तो वाचवायचा तर फंक्शनच्या आधी 'इनलाइन' असा शब्द लिहिता येतो. आपला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवून देणारा जो कंपायलर, त्याला ती विनंती असते: याला बोलावू नकोस, याचं सगळं काम बोलावणाऱ्याच्या पोटातच लिहून टाक. विनंतीच; ऐकायचं की नाही ते कंपायलर ठरवतो. गुरुवारी त्यानं ऐकलं नव्हतं. इनलाइन केलं नाही, असं त्यानं कळवलं आणि बुद्धप्रियाला राग आला होता. प्रोग्राम माझा, हा कोण नाही म्हणणारा? मग तिनं दुसरा, जबरदस्तीचा शब्द लिहिला. त्यापुढं कंपायलरला निवड नसते. त्यानं मुकाट्यानं केलं.

तिनं जबरदस्तीचा शब्द खोडला, साधं इनलाइन ठेवलं आणि प्रोग्राम पुन्हा कंपायलरला दिला. गुरुवारचीच ओळ स्क्रीनवर आली. या वेळी तिनं ती शेवटपर्यंत वाचली. "इनलाइन केलं नाही" एवढ्यावर ती ओळ संपत नव्हती. पुढं कारण होतं: स्टॅकच्या वाढीची मर्यादा ओलांडली जाते.

बुद्धप्रिया खुर्चीत मागं रेलली. ते तीनशे बाइट आधी फक्त मेसेज बनेपर्यंत लागत. तिच्या जबरदस्तीनं ते प्रोग्रामच्या सतत फिरत राहणाऱ्या मुख्य फेरीच्या पोटात कायमचे जाऊन बसले होते. त्यावर मराठी मेसेज उलगडायचे तीनशे-साडेतीनशे चढले, की जागा संपायची, स्टॅक शेजारच्या आकड्यांवर सांडायचा आणि डबा कोसळून पुन्हा सुरू व्हायचा. आणि वाचणार काय होतं? तिनं मोजलं. तासातून कधीतरी एकदा, सेकंदाचा दहा लाखावा भाग.

मग कुतूहलानं तिनं कंपायलरनं उतरवलेली यादी उघडली. चिपला मिळणारी एकेक आज्ञा तिच्यात दिसते. तापमानाची सरासरी काढणारं छोटं फंक्शन तिला सापडेना. त्याच्यावर तिनं कुठलाच शब्द लिहिला नव्हता. जाण्यायेण्याच्या आज्ञांपेक्षा ते काम लहान आहे हे ओळखून कंपायलरनं आपणहून ते आत लिहून टाकलं होतं. दाराचा सेन्सर सुरू करणारं फंक्शन एकदाच बोलावलं जात होतं. तेही आत घेतलं आणि वेगळी प्रत पुसून टाकलेली. मेसेजचं फंक्शन तेवढं आपल्या पत्त्यावर वेगळं उभं होतं. प्रत्येक ठिकाणी त्यानं तोलून पाहिलं होतं: किती मोठं, किती वेळा, किती जागा. न मागता दिलं होतं, मागूनही नाकारलं होतं, आणि दोन्हीकडे त्याचंच बरोबर होतं. ती यादी बराच वेळ वरखाली करत राहिली.

"मर्यादेचा आकडा कुठून आला सर? माझ्या प्रोग्राममध्ये तर नाही."

"कंपायलरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये मी घालून ठेवलाय. या चिपसाठी." सरांनी गन आता बाजूला ठेवली. "लातूरला पंपाचा स्टार्टर करत होतो. तू केलंस तेच केलं होतं."

"मग मला सांगायचं ना!"

"त्यानं सांगितलं होतं की," सर स्क्रीनकडे हनुवटी करून म्हणाले. "पाऊण वाजलाय. निघ."

अर्धापूरला ती पोचली तेव्हा दोन वाजायला आले होते. ताई चेंबरबाहेर केळीच्या फण्या निवडत बसल्या होत्या. दाराजवळ भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: गॅस सोडला, ४:००.

"डबा असून लिहिलंत?"

"डबा आता आला. खडू पंधरा वर्षांचा हाय."

बुद्धप्रियानं लॅपटॉप जोडून नवा प्रोग्राम भरला आणि झालेले तास त्या खडूवरून मांडले. मग केबल काढायच्या आधीच म्हणाली, "ताई, चूक डब्याची नव्हती. माझी होती. निवडायचे कॅरेट तुम्ही काम झालं की उचलता ना? मी ते वाटेतच ठेवून दिले. मग दुसरा माल आला अन् वाट बंद. कंपायलर म्हणून एक प्रोग्राम असतो, त्यानं आधी नाही म्हटलं होतं. कारणासकट. मी अर्धंच वाचलं."

ताईंनी हातातली फणी खाली ठेवली. "म्हणजे त्यानं नाही म्हणलं अन् तू दामटलंस?"

"हाव."

"मंग त्यालाच आणायचं ना सोबत. चहा पाजला असता."

आणि त्यांनी फोन तोंडाजवळ नेला. "किती झालं?"

लाल दिवा स्थिर राहिला. ताईंच्या फोनवर मेसेज वाजला: बावीस तास दहा मिनिटं. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, बोटांवर मोजलं, पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारलं, या वेळी मुद्दाम लांबलचक: "काय रे बाबा, झोपला बिपला न्हाईस ना, किती झालं ते सांग." डब्यानं तेच उत्तर दिलं, फक्त मिनिटं वाढवून.

बुद्धप्रिया चारपर्यंत थांबली. कुणी थांब म्हटलं नव्हतं. चारला व्हॉल्व्हचा टक असा आवाज झाला आणि पंखे घरघरू लागले. ताई उठल्या, खडू घेतला आणि जुन्या ओळीखाली लिहिलं: बंद, ४:००. थोडं थांबून पुढं जोडलं: डब्यानं.

मग त्यांनी गटातल्या पहिल्या माणसाला फोन लावला.