चालकाशी बोलू नये

आजीचं ठरलं होतं. पुन्हा म्हणून इकडे यायचं नाही. परदेशात लेकाकडे येऊन दोन महिने होत आले, आणि एवढ्या दिवसांत घरातली चारही माणसं एका वेळी जेवायला बसली असं एकदाही घडलं नव्हतं. लेक शहरातली बस चालवायचा, सून रुग्णालयात नर्स, नात शाळेत. एक दारातून आत आला की दुसरा बूट घालत असायचा. सांगायला गुडघ्यांचं निमित्त होतंच, पण खरं कारण गुडघे नव्हते. नुसत्या भिंतींकडे बघत बसायचं तर विमानानं कशाला यायचं? भिंती घरीही होत्या, आणि त्या निदान स्वतःच्या होत्या.

वर्षअखेरीच्या सुट्ट्या लागल्या तेव्हा तिला जरा आशा वाटली. नात म्हणत होती, सणाला सगळं शहर बंद असतं. पण लेकानं सांगून टाकलं, "मला ड्यूटी आहे."

"सणाच्या दिवशी?"

"सण त्यांचा आहे, आई, आपला नाही. आपल्या सणाला बरोबरच्या चालकांनी माझी पाळी केली, आता मी त्यांची करणार. शब्द दिलाय."

"आणि आपल्या सणाला, मी यायच्या आधी, घरी राहून तू काय दिवे लावलेस? पोरगी शाळेत, बायको कामावर."

"दिवेच लावले," लेक म्हणाला. "एकट्यानं."

दिलेला शब्द पाळायचा, हे कान पिळून आजीनंच शिकवलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पण हात बांधून बसणाऱ्यातली ती नव्हती. सणाच्या दिवशी दुपारी सून कामावरून आली, तर सासूबाई स्वेटरवर कोट, कोटावर शाल असं गाठोडं होऊन सोफ्यावर बसलेल्या. मांडीवर डबा.

"आई, कुठं निघालात?"

"बसनं. शेवटच्या स्टॉपवर तो थोडा वेळ थांबतो ना? तिथंच जेवू चौघं. बूट काढू नकोस."

सून पहाटेपासून उभी होती आणि तिला फक्त आडवं व्हायचं होतं. तिनं सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि लेकीला हाक मारली.

बसचं दार उघडलं तेव्हा तिघींना बघून लेकाच्या तोंडचं पाणी पळालं. "काय झालं?"

"काही झालेलं नाही. जेवायला आलोय," असं म्हणत आजी त्याच्या बरोबर मागच्या सीटवर बसली आणि पुढं झुकून सकाळपासून साठलेलं बोलायला लागली. नातीनं तिची शाल ओढली आणि काचेवरची पाटी वाचून दाखवली. गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये.

"मी आई आहे त्याची."

"आजी, ते सगळ्यांसाठी असतं."

झालं, तोंडाला कुलूप. आजी बाहेर बघत बसली. दुकानांची शटरं खाली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी हा पठ्ठ्या प्रत्येक लाल दिव्याला इमानदारीत थांबत होता. मग जुळ्या बाळांची ढकलगाडी घेऊन एक बाई आली, तिच्यासाठी त्यानं खाली उतरून फळी लावली. एक म्हातारबाबा चढले, ते कार्ड शोधता शोधता सगळे खिसे पालथे घालत राहिले. आजीचा जीव नुसता वरखाली होत होता. इथं उशीर झाला की तिथली जेवणाची वेळ कापली जाणार, एवढं गणित तिलाही कळत होतं.

आणि तसंच झालं. शेवटच्या स्टॉपवर पोचले तेव्हा परत निघायची वेळ होतच आली होती. बसमध्ये खायला मनाई, म्हणून बाहेरच्या बाकावर डबा उघडला. पोळ्या गार, शिरा दगड. लेकानं उभ्यानंच चार घास कोंबले, तेही घड्याळाकडे बघत. आजीला जेवता जेवता त्याला सांगायचं होतं, की बाबा रे, मी काही आता पुन्हा यायची नाही. तोंड उघडणार तोच तो म्हणाला, "चला, निघायला हवं." आजीला रडूच आलं. तिनं डोळे शालीत पुसले.

परतीला बसमध्ये या तिघींशिवाय कुणीच नव्हतं. थोडं पुढं गेल्यावर वरचा स्पीकर खरखरला. "प्रवाशांना सूचना. आई, शिरा मस्त झाला होता."

आजी दचकली, उत्तर द्यायला पुढं झाली. नातीनं पाटीवर बोट ठेवलं. "बोलायचं नाही. ते बटण दाबून घंटा वाजव. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही."

"थंडी वाजतेय का?" स्पीकरनं विचारलं. आजीनं दोनदा वाजवली. घंटा झाली की थांबायचंच असा नियम, म्हणून बस एका ओसाड स्टॉपवर थांबली, दार उघडलं, मिटलं. "गुडघे दुखतात का?" एकदा. पुन्हा बस थांबली. सून डोळे मिटून हसत होती. दोन महिन्यांत त्यानं आईला इतके प्रश्न विचारले नव्हते.

स्पीकर पुन्हा खरखरला.

"पुढच्या वर्षी येशील ना?"

आजीनं बटणावर बोट ठेवलं. दोनदा दाबलं की संपलं, तोंडही उघडायला नको. समोर त्याचं डोकं दिसत होतं. मागं टक्कल पडायला लागलंय, हे तिला आजच कळलं. याआधी ते डोकं इतका वेळ समोर कधी होतं, तिला आठवेना.

तिनं एकदाच दाबलं. हे म्हणजे मेला शब्दच दिल्यासारखं होतं.

बस थांबली, दार उघडलं, गार वारा आत आला.

"आता बोल, आजी," नात म्हणाली. "गाडी उभी आहे."

"येईन," आजी म्हणाली. "पण सणाच्या दिवशी ड्यूटीच घे. इथं निदान दिसतोस तरी."

लेकानं आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग दार लावलं आणि गाडी पुढं काढली.