हिरवी रेघ

१९७८ साली माझ्या दिरांनी मामंजींच्या जुन्या होडीला दार बसवलं. हो, होडीला दार!

मामंजींचे गुडघे गेले होते. काठ ओलांडायला दोघांनी धरावं लागे. "मला पोत्यासारखं चढवायचं असेल तर होडी विकून टाका," असं ते एक दिवस म्हणाले. होडी गेली की हा माणूस चार महिन्यांत खाटेला खिळणार, हे घरात सगळ्यांना कळत होतं. म्हणून मागच्या आडव्या फळीत, धक्क्यावरून सरळ आत पाऊल टाकता येईल असं दार पाडायचं ठरलं.

दीर कपाटं करायचे. तेवढ्या भांडवलावर ते जगातल्या कुठल्याही लाकडाबद्दल बोलत. होडी रिकामी होती. इंजिन दुरुस्तीला, जाळी आणि बर्फाच्या पेट्या किनाऱ्यावर. भावोजींनी गुडघाभर पाण्यात उभं राहून, पाण्याच्या वर चार बोटं मोजून उंबरठ्याची खूण केली.

"भावोजी, चांगलं वीतभर वर घ्या," मी म्हटलं. "भरल्या होडीला पाणी या हिरव्या रेघेपर्यंत चढतं." ते शेवाळ दर वर्षी मीच खरवडत होते.

"मग बाबा पाय कसा उचलणार, वहिनी?"

"दोन्हीकडे पायरी करा."

"होडीला पायरी! उद्या पडदेही लावायला सांगाल."

"त्याला कळतं गं त्यातलं," आमचे हे म्हणाले.

"कपाटातलं," मी म्हटलं.

दार देखणं झालं. पितळी कडी, रबराची किनार. सगळं सामान चढवलं, उंबरठा पाण्याच्या जेमतेम बोटभर वर राहिला, आणि मामंजी दोन वर्षांत पहिल्यांदा कोणाचा हात न धरता आत गेले. पुढच्या फळीवर बसून त्यांनी डोळे पुसले. मग दार लावून भावोजी, जाऊबाई आणि आमचे हे कडी बघायला मागे दाटीवाटीने उभे राहिले, तशी होडी मागून आणखी दबली.

"बघा, लोण्यासारखं फिरतं!" म्हणत भावोजींनी दार उघडलं.

पाणी आत आलं, तेही लोण्यासारखंच. होडी मागून खाली बसली. मामंजी छातीभर पाण्यात, टोपी तरंगत लांब चाललेली.

"दार लावा, कोणीतरी दार लावा!" भावोजी ओरडत होते. कडी त्यांच्याच हातात होती.

"विका," संध्याकाळी मामंजी एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी होडी किनाऱ्यावर ओढून काढली, तेव्हा मी खडू घेऊन गेले आणि हिरव्या रेघेच्या वर एक वीत मोजून आडवी रेघ ओढली. भावोजींनी मान खाली घालून उंबरठा चढवला, दोन पायऱ्या केल्या.

मामंजी त्या दारातून नऊ वर्षं एकटे चढले. एका सकाळी धक्क्यावर जाळं विणता विणता गेले. भावोजींनी पुढे 'होड्यांना दारं बसवून मिळतील' अशी पाटी लावली आणि पहिल्या उंबरठ्याची चूक शेवटपर्यंत माझ्या नावावर सांगितली. जाऊबाई पुन्हा कधी होडीत बसल्या नाहीत. आमचे हे "त्याला कळतं गं" म्हणतच गेले. होडी मोडीत निघाली. दार माझ्या कोंबड्यांच्या खुराड्याला आहे. तिथे ते बरोबर उंचीवर आहे, कारण मोजलं मी.