दोन अटी

रविनाने पदराने फोनची काच पुसली आणि तो दगडावरून जागृतीपुढे सरकवला. स्क्रीनवर तेवीस फॉर्म एकाखाली एक उभे होते. प्रत्येकापुढे एकच शब्द होता, प्रतीक्षेत.

"मी भरलेत मॅडम. कालीबाईचा चार तारखेलाच भरला. आज एकोणीस."

जागृतीला ते दिसत होतं. शहाद्याच्या छोट्या कंपनीत बसून हे ॲप तिनेच लिहिलं होतं. पाड्यावरच्या गरोदर बाईची नोंद पोहोचली, की तालुक्याहून गाडी निघायची. कालीबाईला आठवा महिना, त्यात अंगात रक्त कमी. गाडी आलीच नाही. तेरा तारखेला झोळीतून खाली नेताना ती वाटेतच गेली, पोटातल्या बाळासकट.

रविनाने कळवलंच नाही, असं पाड्याने मनात घट्ट धरलं. आरोग्यसेविका असून तिला कोणी दार उघडेना. लसीची पेटी आल्या वाटेने परत गेली. आज हातापाया पडून तिने कालीबाईच्या नवऱ्याला, भीमसिंगला, टेकडीवर आणलं होतं. फॉर्म गेलेला त्याने एकदा डोळ्यांनी पाहावा, एवढंच तिचं मागणं होतं. तो मात्र पाठ करून लांब बसला होता.

"इथे किती वेळ थांबता तुम्ही?" जागृतीने विचारलं.

"पंधरा मिनिटं. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं ना, दर पंधरा मिनिटांनी ॲप आपोआप जागं होतं अन् फॉर्म पाठवतं. रोज चढून येते, घड्याळ लावून थांबते. तालुक्याच्या ऑफिसात फोनपण केला होता. म्हणाले, ॲपवर टाका."

जागृतीने स्क्रीनच्या कोपऱ्यातली बॅटरीची खूण पाहिली.

"फोन चार्ज कुठे करता?"

"खाली, शाळेच्या सोलरवर."

"तिथे टॉवर असतो?"

एवढ्या दुःखातही रविनाला हसू आलं. "तिथं कुठला टॉवर, मॅडम? टॉवर फक्त ह्या दगडावर."

जागृतीला लख्ख कळलं, आणि कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. बॅटरी वाचावी म्हणून तिने फॉर्म आपोआप पाठवण्याच्या कामाला दोन अटी घातल्या होत्या. फोन चार्जिंगला हवा आणि नेटवर्कही हवं. कळसाडीला तिच्या स्वतःच्या घरी उशाशी चार्जर, भिंतीवर वायफाय. तिथे तिने वीस वेळा तपासलं, वीसही वेळा बिनबोभाट चाललं आणि वर शाबासकी मिळाली. या डोंगरात त्या दोन अटींची गाठ जन्मात पडणार नव्हती.

तिने पिशवीतून पॉवर बँक काढली आणि रविनाच्या फोनला जोडली. तोच तिचा स्वतःचा फोन वाजला. कंपनीचे मालक भटूभाऊ अहिराणीत विचारत होते.

"काय करी ऱ्हायनी तू तठे?"

"भाऊ, चूक मन्ही शे."

"कोणले बोलू नको. बाईनी फॉर्म उशिरा भरा, आसं लिखी देवूत."

तिने फोन कापला. जा रे बाबा, एकदा तरी जा, असं ती त्या मुक्या स्क्रीनला विनवत राहिली. दहाएक मिनिटं गेली. मग तेवीसचे बावीस झाले, बावीसचे एकोणीस, आणि बघता बघता यादी रिकामी झाली. रविना रडू लागली.

भीमसिंगच्या खिशात साधा फोन वाजला. त्याला वाचता येत नव्हतं आणि रविनाशी तो बोलत नव्हता. उठून त्याने तो जागृतीपुढे धरला. नोंद मिळताच घरच्यांना संदेश जावा, ही सोयही तिनेच केलेली. तिने वाचून दाखवलं.

"कालीबाई यांच्या चार तारखेच्या नोंदीनुसार गाडी निघाली आहे. त्यांना तयार ठेवा."

"चार?" भीमसिंग म्हणाला.

"हो, दादा. रविनाताईंनी चारलाच कळवलं होतं. माझ्यामुळे ते अडकून पडलं. चूक माझी आहे."

त्याने फोन खिशात टाकला. मग सहा दिवसांत पहिल्यांदा रविनाकडे वळला आणि त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी बोलला. तिने डोळे पुसत मान डोलावली.

"काय म्हणाले?"

"गाडी रिकामी जाऊ द्यायची नाही, म्हणतात. धाकट्या भावाच्या बायकोला, रुपाला, सातवा लागलाय. तिला समजवायला मला घरी बोलावलंय."

"आणि मला?"

रविनाने पॉवर बँकेची वायर काढून ती जागृतीला परत दिली.

"तुम्हाला काही नाही म्हणाले, मॅडम."

भीमसिंग टेकडी उतरू लागला होता. रविना त्याच्या मागोमाग निघाली.