काठोकाठ वाडगा

डोंगरातल्या नारीन गावच्या पुनर्वसन केंद्रात आता चकचकीत यंत्रं आली आहेत. बटण दाबलं की लुळा पाय आपोआप हलतो. पण साल्किनचं मन रमतं ते जुन्या हॉलमध्ये. हात लागून लागून गुळगुळीत झालेले ते दोन लाकडी दांडे, खिडकीत वाळत घातलेले लोकरी मोजे, आणि दांडे धरून पाऊल टाकता टाकता एकमेकांची टिंगल करणारे अर्धांगवायूचे तेरा म्हातारे. कितीतरी वर्षं ती तिथली प्रमुख. सगळ्यांची एजे, म्हणजे थोरली ताई. पण तिचा जीव सर्वात गुंतला तो त्या एका वर्षात, ज्या वर्षी हॉलमध्ये तिचा एकही रोगी नव्हता.

त्या मार्चमध्ये वरून हुकूम आला: साथीच्या तापाच्या रोग्यांसाठी हॉल हवा, उद्यापर्यंत रिकामा करा. किती दिवसांसाठी? ते हुकूम देणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. साल्किननं त्या दुपारी बसून तेरा घरांसाठी तेरा कागद लिहिले: कुठला व्यायाम, किती वेळा. माया दाटून आली, म्हणून प्रत्येकाच्या तळाशी एक ओळ जास्तीची लिहिली, ‘यांना नीट जपा.’

तिथंच चुकलं.

कासिमालीबाबा त्या तेरांतले. उभी हयात मेंढ्यांमागे डोंगर तुडवलेला माणूस. हॉल सुटला तेव्हा चाळीस आकडे मोजेपर्यंत दांड्यांमध्ये उभे राहत. आणखी पंधरवडा मिळता तर चालले असते. मुलगा रशियात अडकलेला, घरात एकटी सून, बेगाइम. महिन्याभरानं फोन लागला तेव्हा ती मोठ्या अभिमानानं म्हणाली, “काही काळजी करू नका एजे. आबांना जागचं हलू देत नाही मी!”

साल्किननं लगेच कॅमेरा लावायला सांगितलं. “दाखव बघू.”

पडद्यावर बाबा दिसले. दारापासून सर्वात लांबच्या, मानाच्या जागी, सात गोधड्यांवर, सुलतानासारखे. गाल वर आले होते आणि पोटरी पार वाळली होती.

“आणि कागदावरचे व्यायाम?”

“सासऱ्याचा पाय धरून वाकवू मी? काय बोलता एजे! तुम्हीच लिहिलंय ना, नीट जपा? कागद भिंतीला लावलाय.”

या खोऱ्यात म्हाताऱ्याला जपायचं म्हणजे सगळं बसल्या जागी आणून द्यायचं, हे इथंच जन्मलेल्या साल्किनला ठाऊक नव्हतं थोडंच? आणखी दोन-तीन महिने असेच गेले की तो पाय कायमचा गेला, हेही ठाऊक होतं.

“त्यांचं अंथरूण दाराशी हलव. लोटा, काठी, ऊन, सगळ्यासाठी उठावं लागेल.”

“दाराशी?” बेगाइम किंचाळलीच. “दाराशी सून बसते एजे! नवरा परमुलखात, आणि हिनं सासरा उंबऱ्यावर टाकला, असं गाव म्हणेल. त्यापेक्षा मला माहेरी धाडा.”

मग साल्किननं देवालाच मध्ये घातलं. “बरं, माणसांसमोर बसू देत हो. पण ज्यानं पाय दिले त्याच्यासमोर तरी नमाजाला उभे राहा म्हणावं. पेटी धरून.”

हे मात्र बाबांना पटलं. रोज पाच वेळा, कपड्यांच्या पेटीला धरून. पहिल्या आठवड्यात घामाघूम. जूनपर्यंत पेटीवर नुसती दोन बोटं टेकलेली. पण पाऊल? छे! “पाऊल कशाला? सून गुणाची आहे. सगळं पुढ्यात येतं.”

एका दुपारी साल्किन म्हणाली, “ऐक. आज त्यांचा चहाचा वाडगा काठोकाठ भर. पुढ्यात ठेव आणि बाहेर जा. हाक मारली तरी ओ देऊ नकोस.”

त्या मुलखात चहा तळाला दोन घोट ओततात. पुन्हा पुन्हा ओतता यावा, माणूस बसून राहावा म्हणून. काठोकाठ वाडगा म्हणजे ‘पी आणि चालू लाग’.

“वैऱ्यालाही देत नाहीत तसा,” बेगाइम पुटपुटली. “शाप देतील मला.”

“माझ्या नावानं द्यायला सांग. आधी वाटेतला गालिचा उचल, भिंतीशी बाकं लाव. आणि तू दाराआडच उभी राहा, हात पुरेल अशी.”

बोलली खरी, पण धोका साल्किनला ठाऊक होता. बाबा पडून हाड मोडलं असतं तर त्यांना घ्यायला खोऱ्यात एक पलंग रिकामा नव्हता. भिंतीपलीकडे तिच्याच हॉलमधून खोकल्याचे आवाज येत होते. तिनं डोळे मिटून बिस्मिल्ला म्हटलं.

बेगाइमच्या खिशात फोन चालूच होता. मग गर्जना. “सूनबाई! हे काय? मी पाहुणा आहे का या घरात?”

ओ नाही.

“अगं, कुणी शिकवलं तुला हे?”

पेटी करकरली. एक धप्प, मागून एक फरफट.

“एक,” बेगाइम श्वासातल्या श्वासात म्हणाली. “दोन... बाकाला धरलंय... तीन...”

नवव्या पावलाला दार धाडकन उघडलं. “माझ्याच घरातून मला हाकलतेस?”

“आबा,” बेगाइमला हुंदका आवरेना, “तुम्ही कुठं उभे आहात, बघा तरी.”

“आण तो फोन इकडे. साल्किन! तूच ना? चांगली सून बिघडवलीस माझी. तुझं... तुझं भलं होवो, कार्टे.”

तेरांपैकी दोघे त्या जुलैत तापानं गेले. त्यांच्या घरी तिला जाताही आलं नाही. पुढल्या वसंतात हॉल परत मिळाला, तेव्हा तिनं पहिल्याच दिवशी अकरा घरांत फोन लावले.

“आबा म्हणतात वेळ नाही,” बेगाइम म्हणाली. “मेंढ्या विताहेत.”

साल्किन पोटभर हसली. मग फोन ठेवल्यावर तिला थोडा रागही आला. निदान एकदा चालून दाखवायला तरी यायचं होतं म्हाताऱ्यानं.