दात नसलेल्या तोंडातले नऊ किडे

शिवणकारखान्याच्या मागच्या अंगणात सकाळपासून रांग लागली होती. कुणी गालाला फडकं बांधलेलं, कुणी तोंडावर हात धरलेला. ज्यांचं काहीच दुखत नव्हतं ते नुसते बघायला आले होते, आणि गर्दी त्यांचीच जास्त होती.

रांगेच्या तोंडाशी धुरीबाबा बसला होता. पुढ्यात पाण्याने भरलेली पसरट परात आणि परातीच्या मधोमध, पाण्याच्या वर राहील अशी दगडावर ठेवलेली, तापवून लाल केलेली वीट. दुखणेकऱ्याने परातीवर ओणवं होऊन आ वासायचा. मग बाबा त्याच्या डोक्यावरून काळी चादर टाकायचा, चादरीखाली हात घालून चिमूटभर औषध विटेवर भिरकावायचा. तडतड व्हायची, धूर व्हायचा, आत माणूस खोकून खोकून बेजार. चादर उचलली की पाण्यावर पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगत असत.

"हा दाढेतला," बाबा चिमट्याने एकेक उचलून दाखवी. "हा सुळ्यातला. आणि हा पाजी थेट काळजाकडे निघाला होता, वाटेत धरला. हेच किडे रक्तात साखर सोडतात. किडा गेला, साखर गेली. गोळ्या द्या फेकून."

त्या शेवटच्या वाक्याने रांगेतले निवृत्त शाळामास्तर अस्वस्थ झाले. डोक्याला मफलर गुंडाळून ते आज आपला नंबर लावून उभे होते.

मास्तरांची धाकटी बहीण याच कारखान्यात चाळीस वर्षं कॉलर शिवत होती. तिला मधुमेह होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. साखर खाली आल्याशिवाय ऑपरेशन नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि साखर काही केल्या हटत नव्हती. सुईत दोरा ओवायला ती आता नातीला हाक मारायची. डोळे गेले तर काम गेलं, आणि कामाशिवाय ती बसूच शकत नव्हती.

कात्री हाताशी असली तरी दोरा दातानेच तोडायचा, ही कारखान्याच्या शिवणखोलीतली जुनी रीत. अलीकडे बहिणीने तोडलेल्या दोऱ्याशी पांढऱ्या कॉलरवर गुलाबी ठिपका उमटायचा. तो पहिल्यांदा दिसला दहा वर्षांच्या नातीला. आजीला तर तो दिसतच नव्हता.

मास्तर तिला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. हिरड्यांत पू आहे, मुळापर्यंत साफ करावं लागेल, असं बाईंनी सांगितलं. हिरड्यांतली सूज साखर उतरू देत नाही आणि चढलेली साखर हिरड्या बऱ्या होऊ देत नाही, दोघी एकमेकींना पोसतात, हेही समजावलं. बहीण हत्यारांचा ट्रे बघून उठली ती थेट धुरीबाबाच्या परातीवर ओणवी झाली. अकरा किडे निघाले. दोन दिवस ठणका थांबला, म्हणून तिने साखरेच्या गोळ्याही बंद केल्या. मास्तर बोलायला गेले तर म्हणाली, "दादा, तू पाहिलेस का किडे? मी पाहिलेत, माझ्या या डोळ्यांनी."

"कुठल्या डोळ्यांनी?" हे मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी गिळलं.

नातीने मात्र त्या अकरातले दोन किडे आजीच्या बटणांच्या डबीत लपवून आणले होते. मास्तरांच्या भिंगाखाली तिने ते बराच वेळ न्याहाळले. तोंड नाही, डोळे नाहीत, पाय नाहीत. आणि एकाच्या शेपटीला तपकिरी टरफल चिकटलेलं.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "आपण वाटाणे भिजवले होते ना, त्यांच्या पोटात वाकडा कोंब होता. हा तसाच आहे."

मास्तरांनी तिच्या पाठीवर थाप मारली. इतक्या वर्षांच्या मास्तरकीत इतकं सरळ उत्तर त्यांना क्वचितच मिळालं होतं.

आता मास्तरांचा नंबर आला. गावभर त्यांना मोतीमास्तर म्हणत, ते त्यांच्या शुभ्र, सरळ दातांमुळे. ते परातीवर वाकले. चादर पडली, विटेवर तडतड झाली, डोळ्यांत धूर गेला. अंधारातच त्यांनी तोंडात बोटं घातली आणि मग मुठी आवळल्या.

चादर उचलली गेली. "नऊ," बाबा गरजला. "डाव्या दाढेतच पाच. म्हातारबा, वेळेवर आलात."

"कुठली दाढ?" मास्तरांनी विचारलं. शब्द फुसफुसत बाहेर पडले. त्यांनी दोन्ही मुठी उघडल्या. एका हातात वरची कवळी, दुसऱ्या हातात खालची. मग आ वासून सगळ्यांना आपलं बोडकं तोंड दाखवलं.

पंचवीस वर्षांत हे तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मागून कुणी तरी फिसकन हसलं, मग चारदोन जण हसले. मास्तरांचे कान तापले, पण त्यांनी तोंड मिटलं नाही. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, "हसा, हरकत नाही. पण मला सांगा, हे नऊ किडे राहत कुठे होते?"

बाबा सराईत होता. किडे दात खाऊन हिरड्यांत उतरले असणार, म्हणाला, आणि औषधाची थैली कमरेला खोचू लागला.

तेवढ्यात मास्तरांची बहीण नातीचा हात धरून गर्दीतून पुढे आली. तिने थैलीवर हात ठेवला. "थांब. आता चिमूट मी टाकते. परातीवर कुणीच वाकायचं नाही."

"बाई, शाप लागेल. औषधाला परका हात चालत नाही."

"माझ्या साखरेच्या गोळ्या याच औषधाच्या भरवशावर सोडल्या आहेत मी. मी परकी कशी?"

तिने एका हाताने चादर परातीवर उचलून धरली, दुसरा हात खाली सारला, चिमूट सोडली. तडतड झाली. चादर ओढली तशी गर्दी टाचा उंचावून बघू लागली. पाण्यावर सात किडे नव्याने तरंगत होते. वर तोंड नव्हतं, दात नव्हते, माणूसच नव्हता.

नातीने थैलीतले दाणे तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवले. एका रानटी झुडपाचं बी होतं ते. तापलं की टरफल फुटतं आणि आतला कोंब पाण्यात उडतो. मास्तरांनी पुढचं सांगितलं: हा धूर विषारी आहे, त्याने तोंड एकदोन दिवस बधिर होतं, म्हणून बरं वाटतं. पू जागच्या जागी राहतो.

"या म्हाताऱ्याची जीभ झडेल," बाबा चादर गोळा करत पुटपुटला.

"माझे दात गेले तेव्हा शाप लागला नव्हता, आळस लागला होता," मास्तर बोडक्या तोंडाने म्हणाले. "ब्रश करताना रक्त यायचं. दुखत नव्हतं, म्हणून मी दहा वर्षं थुंकत राहिलो." मग ते बहिणीकडे वळले. "तुझ्या सुजलेल्या हिरड्या एकत्र पसरल्या तर तळहाताएवढी जखम होईल. एवढी जखम गुडघ्यावर असती तर तू धुरी घेत बसली असतीस का?"

ती त्याच दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत जाऊन बसली, नातीचा हात घट्ट धरून.

तीन महिन्यांनी साखर उतरली. सगळं श्रेय हिरड्यांना देऊ नका, गोळ्या परत सुरू झाल्या, रोजचं चालणं झालं, त्याचंही ते आहे, असं बाईंनी मुद्दाम बजावलं. पण तोंड हा शरीराचाच भाग आहे, तिथली आग बाकीच्या घरालाही झळ लावते, हे विसरू नका, म्हणाल्या.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा बहिणीने पहिल्यांदा भावाकडे पाहिलं. "दादा, कवळी पिवळी पडली आहे रे. घासत जा."

आता ती गळ्यात दोरीने छोटी कात्री अडकवून कामाला जाते. धुरीबाबा गेला, पण त्याच्यासारखे येतच राहतात. परवा एकजण हात फिरवून गुडघ्यातले खडे काढणारा आला. खोलीतल्या बाया उठायला लागल्या तशी ती मशीन न थांबवता म्हणाली, "जा खुशाल. फक्त त्याला एवढं सांगा, आधी आमच्या गुडघ्यांशिवाय खडे काढून दाखव."